काठीवरचा तांबडा चतुर

चतुर ओळखावा तर मीच! पाण्यावर भिरभिरणाऱ्या चतुराची जात नुसत्या पंखांवरून सांगतो मी. हे ऐकून ऐकून कंटाळलेले आमचे हेडक्लार्क बसलिंगप्पा एकदा म्हणाले, "आपल्या तळ्यावर सगळे पिवळेच असतात हो! तुम्ही म्हणता तो तांबडा असला तर फोटो दाखवा!"

"सोमवारी टेबलावर ठेवतो! नाही ठेवला तर जन्मात पुन्हा किड्यामुंग्यांचं नाव काढणार नाही!"

हे ऐकून सगळं ऑफिस आशेनं माझ्याकडे बघू लागलं.

रविवारी मेव्हण्याचा कॅमेरा गळ्यात अडकवून सायकलनं तळं गाठलं. सकाळभर चिखलात बसून कंबर मोडली. चतुर क्षणभर बसेल तर शपथ! नुसत्या पाण्याचे फोटो काढून रोल संपत आला. शेवटचा एक उरला, तेवढ्यात ज्ञानबा नावाचा म्हातारा धनगर मेंढरं घेऊन आला. त्यानं काठी चिखलात रोवली आणि तिच्या टोकावर चतुर येऊन बसला, लालभडक! उडाला, पुन्हा तिथंच बसला.

"बाबा, काठी हलवू नका!"

"न्हाय हलवत. पर माजाबी फोटू काडा की!"

"एकच उरलाय हो!"

"मग दोगांचा एकातच काडा. न्हायतर मेंडरं सोडतो पाण्यावर!"

मी हात जोडले. काठी धरून तो ताठ उभा राहिला.

"घड्याळ द्या की. घड्याळाबिगर फोटू असतोय व्हय?"

दिलं.

"आन चष्मा?"

"अहो, मग मला दिसणार कसं?"

"तुमाला कशाला दिसाया पायजे? फोटू माजा हाय!"

वाद घालायचं त्राण नव्हतं. चष्मा दिला, धुरकट दिसणाऱ्या तांबड्या ठिपक्यावर नेम धरला आणि खटका दाबला.

स्टुडिओवाल्याच्या पाया पडून सोमवारी फोटो टेबलावर ठेवला. चतुराची शीर न् शीर दिसत होती! बसलिंगप्पांनी तो उलटासुलटा करून पाहिला.

"झकास! पण हा तांबडा कशावरून?"

मी पाहिलं. चतुर काळा होता. ज्ञानबाचा तांबडा पटकाही काळाच! रोल काळापांढरा आहे, एवढंच या शहाण्याच्या लक्षात आलं नव्हतं. ऑफिसात त्या दिवशी हरल्याचा चहा माझ्याकडून झाला.

पुढच्या रविवारी फोटो ज्ञानबाला नेऊन दिला. म्हातारा हरखला. "घड्याळ लई झ्याक आलंय की! चष्माबी!" मग त्याचं तोंड उतरलं. "पर सायेब, काठीवर ही माशी कशाला बसवली? पुसता येती का बगा की!"

ती माशी नाही, हे मी सांगणार होतो. पण जन्मात किड्यामुंग्यांचं नाव काढणार नाही म्हणालो होतो ना!