कचेरीतली मांजरी

कुंभकोणमच्या तालुका कचेरीत एका मांजरीचं भूत वावरतं, हे गावात सगळ्यांना ठाऊक होतं. त्या भुताला तामिळ येत नाही, हे मात्र फक्त आमच्या गोविंदकाकांना ठाऊक होतं.

काका कचेरीतला दप्तरखाना सांभाळायचे. मराठी म्हणून लोक त्यांना 'रायर' म्हणत. आम्हां तंजावरकडच्या मराठी घरांची रीतच अशी, की उंबऱ्याबाहेर तामिळ आणि आत पूर्वजांनी आणलेली मराठी. काका ती कडक पाळत. रस्त्यात मी मराठीत हाक मारली तर ओळखही दाखवत नसत. असा माणूस भर कचेरीत मराठी बोलायचा, तो केवळ मांजरीशी. काकू गेल्यानंतर हे सुरू झालं.

"आपल्या मराठी राजांच्या वेळी इथं धान्याचं कोठार होतं," ते सांगत. "उंदरांवर हिची नेमणूक झाली. मग धान्य गेलं, राजे गेले, इंग्रज आले नि गेले. नेमणूक रद्द झाल्याचं हिला कुणी कळवलं नाही. बिचारी अजून हजर होते."

"दिसते कशी?"

"ते उन्हावर आहे. कधी करडी, कधी पांढरी. सावली नाही."

ती भर दुपारी यायची, कारकून जेवून पेंगत असत तेव्हा. शिपाई रामस्वामी सांगे, ज्याच्या टेबलाला ती अंग घासते त्याची बदली ठरलेली. काका चिडत. "बदल्या मद्रासहून होतात. हिच्या माथी कशाला?"

मला ती बघायची फार उत्सुकता होती. दोनचारदा जाऊन बसलो. एकदा कागदांचा गठ्ठा हलला आणि आतून उंदीर निघाला. मी काकांकडे पाहिलं.

"आज रजेवर दिसते," काका म्हणाले.

मग नवे तहसीलदार आले. बदलीची गोष्ट ऐकून त्यांची झोप उडाली. पट्टीश्वरमहून मांत्रिक आणून शुक्रवारी मांजरीला घालवायची, असं त्यांनी ठरवलं. आयुष्यात कधी साहेबापुढे मान वर न केलेले काका त्यांच्या खोलीत गेले.

"सार, ती परमनंट आहे."

"मांजर परमनंट, आणि मी टेंपररी का, रायरे?"

"होय सार."

पण काकांचं काही चाललं नाही. काकांना मूलबाळ नव्हतं. त्यांचा डबा आमच्या घरून जायचा, आणि त्या आठवड्यात तो जसाच्या तसा परत येऊ लागला. आई म्हणाली, "भावोजींना विचार, तब्येत बरी आहे ना." मी विचारलं. ते तामिळीत म्हणाले, "शुक्रवार जाऊ दे."

शुक्रवारी मांत्रिकानं लिंबं कापली, कापूर पेटवला, कोपऱ्याकोपऱ्यातून कडुलिंबाच्या डहाळ्या फिरवल्या. काका दप्तरखान्याची किल्ली मुठीत धरून भिंतीला टेकून उभे होते. शेवटी मांत्रिक घाम पुसत म्हणाला, "गेली." काकांच्या चेहऱ्याकडे मला बघवेना.

दुसऱ्या दिवशी डबा घेऊन मीच गेलो. दप्तरखान्याचं दार लोटलेलं होतं. आतून काकांचा आवाज येत होता, घरातला, सावकाश.

"...सांबार हल्ली आंबटच असतं गे. वहिनी चिंच फार घालतात. तुझ्या हातची सवय, आता काय करणार. परसातल्या मोगरीला कळ्या आल्यात. तोडल्या नाहीत. कुणासाठी तोडू?"

आत शिरण्याआधी मी मुद्दाम डबा वाजवला. काका वळले. ताप उतरलेल्या माणसासारखा त्यांचा चेहरा निवळला होता. घराबाहेर ते माझ्याशी पहिल्यांदाच मराठीत बोलले.

"मांत्रिक सगळं तामिळीतच बोलला बघ. हिला अक्षर कळलं नाही. गेली नाही."

त्या दिवशी डबा रिकामा परत आला.

यंदा मार्गशीर्षात काका गेले. दिवस झाल्यावर एका दुपारी मी कचेरीत गेलो. रामस्वामीनं काही न विचारता दप्तरखाना उघडून दिला आणि बाहेर थांबला. फरशीवर उन्हाचा एक तुकडा पडला होता. मी कॉलेजात तर्कशास्त्र शिकवतो. रिकाम्या खोलीत तोंड उघडायची मला लाज वाटली.

पण तिला कुणीतरी कळवायला हवं होतं, आणि रामस्वामीला मराठी येत नव्हती.