ठिपकीचं आभारगीत

एका जंगलात, जिथे वाढदिवस फार साजरे होत, अनाथ पिल्लांसाठी एक बालकाश्रम होता. नीट मांडी घालून बसा, बाळांनो. ही गोष्ट चांगल्या लोकांची आहे, तेव्हा मध्ये हसायचं नाही.

आश्रमात पंधरा-वीस पिल्लं होती. चितळांची, सशांची, भेकरांची. त्यांचे आईबाप कसे गेले, हे तिथे कुणी विचारत नसे. पाहुण्यांना तो विषय आवडत नसे.

पाहुणे म्हणजे बहुतेक बिबटे. बिबट्यांचं मन फार हळवं असतं, विशेषतः पोट भरलेलं असताना.

आश्रमाचे व्यवस्थापक होते रंगराव वानर. शिकवायला एकच बाई होत्या, टिटवीबाई, आणि त्यांचा धडाही एकच होता. बिबट्याचा वास आला की पुढचा पाय जमिनीवर आपटायचा, म्हणजे बाकीच्यांना कळतं. मग मागे न बघता पळायचं. धडा एवढाच, पण तो अंगात मुरायला रोज सराव लागतो.

सराव व्हायचा कधी? सोमवारी कुणाच्या मुलीचा वाढदिवस, मंगळवारी कुणाच्या सासऱ्यांची पुण्यतिथी, बुधवारी बिबटे मित्रमंडळाची सहकुटुंब भेट. पाहुणे आले की तास बंद. पिल्लांनी पाय जुळवून रांगेत उभं राहायचं, मान खाली घालायची आणि आभारगीत म्हणायचं. मग जिलबी खायची. चितळाच्या पाडसाला जिलबी पचत नाही, पण हे सांगणार कोण? कधी एका दिवसात तीन-तीन पाहुणे येत. मग पिल्लं तीनदा जेवत आणि तिन्ही वेळा भुकेलेला चेहरा करत.

ठिपकी हे त्यातलंच एक चितळाचं पाडस. वर्षातून एकदा चितळांचा कळप आश्रमाजवळून जाई. कळपाची म्होरकी आक्का पाडसांची परीक्षा घेई आणि ज्याला धडा येई त्याला कळपात सामावून घेई. ठिपकीला कळपात जायचं होतं. आईच्या अंगासारखा वास असलेल्यांच्या मध्ये झोपायचं होतं. दुसरं काही मागणं नव्हतं तिचं. कळप शुक्रवारी दुपारी येणार होता.

गुरुवारी टिटवीबाई रंगरावांकडे गेल्या.

"उद्या सकाळचा तास तेवढा मला द्या. ठिपकीचा सराव राहिलाय."

"उद्या बिबटेसाहेबांच्या शौर्यचा वाढदिवस आहे, बाई. महिनाभर आधी दिवस राखून ठेवलाय त्यांनी."

"पोरीच्या जिवाचा प्रश्न आहे हो."

"आणि आश्रमाचं छप्पर कुणी दिलंय?" रंगराव म्हणाले. "पिल्लांना आंघोळी घालून ठेवा. पण फार चकचकीत नकोत. जरा बिचारी दिसली पाहिजेत."

शुक्रवारी सकाळी बिबटेसाहेब सहकुटुंब आले. जिलबी शौर्यच्या हातून वाटायची होती. मुलाच्या हातून दिलं की मुलावर संस्कार होतात म्हणे. शौर्यने ठिपकीला जिलबी दिली आणि तिचा कान चाटून पाहिला.

"आत्ता नाही, बाळा," बिबटीणबाई म्हणाल्या. "आधी फोटो काढायचाय."

फोटो तीनदा काढावा लागला. पहिल्यात ठिपकी घाबरलेली दिसत होती. दुसऱ्यात शौर्यचे दात जरा जास्तच आले होते. तिसरा छान आला. बिबटीणबाईंचे डोळे पाणावले.

"बघ शौर्य, हिला आईसुद्धा नाही. तू किती नशीबवान आहेस."

"मोठी झाली की बाहेर सोडता ना यांना?" साहेबांनी विचारलं.

"सोडतो ना, साहेब."

"सोडायलाच हवं. समाजात मिसळली पाहिजेत."

मला या साहेबांची चीड येते, बाळांनो. पण छप्पर त्यांचं आहे, तेव्हा पुढे सांगतो.

पाहुणे गेले आणि दुपारी कळप आला. आक्काने तोंडात धरून झाडाची एक साल आणली होती. तिच्यावर बिबट्याने अंग घासलेलं होतं. ती तिने ठिपकीपुढे ठेवली.

ठिपकीने वास घेतला. तिचा पुढचा पाय वर उचलला गेला. टिटवीबाई श्वास रोखून बघत होत्या. ठिपकीने तो पाय दुसऱ्या पायाला नीट जुळवून ठेवला, मान खाली घातली आणि मोकळ्या आवाजात सुरुवात केली, "आलात तुम्ही, धन्य झालो आम्ही..."

आश्रमातली सगळी पिल्लं पटापट तिच्यामागे रांगेत उभी राहिली. त्यांचं बघून कळपातली दोन कोवळी पाडसंही रांगेत शिरली. आक्काने त्यांना ढुशी मारून बाहेर काढलं.

"हिला नेता यायचं नाही, बाई," आक्का म्हणाली. "ही आली तर माझा अख्खा कळप रांगेत उभा राहील."

"आठ दिवस द्या मला."

"बिबट्या देईल का आठ दिवस?"

कळप निघून गेला. रंगरावांचा मात्र ऊर भरून आला होता.

"काय सूर लागला, आणि सांगावंही लागलं नाही," ते म्हणाले. "बाई, तुमचा तास आता कायमचा बंद करू. पिल्लं तयार झालीत."

ठिपकी अजून पाय जुळवूनच उभी होती. कळप गेला त्या दिशेला ती बराच वेळ बघत राहिली. मग तिने हळूच विचारलं, "बाई, माझं काय चुकलं? मी तर एक शब्दसुद्धा विसरले नाही."



पुढच्या महिन्यात ठिपकीला नियमाप्रमाणे बाहेर सोडण्यात आलं. शौर्यला तोवर शिकार जमत नव्हती. त्या दिवशी जमली.

तात्पर्य: मुलांवर दानाचे संस्कार लहानपणीच करावेत. पुढे त्यांना फार धावपळ करावी लागत नाही.