टावरकाकाचं 'परत बोला'

गाडी हालली, आन् माझं लेकरू आत, मी खाली!

गंगाखेडचा स्टँड, पालमची गाडी, ही गर्दी. आमच्याकडं जागा धरायची म्हणजी खिडकीतून रुमाल टाकायचा, पिशवी टाकायची, न्हाईतर लेकरूच टाकायचं. मी परीला खिडकीतून आत दिलं. तीन वर्साची हाय, सीटवर बसली बी गुमान. मी दाराकडं पळाले तर दारात माणसाला माणूस चिकटलेलं. तेवढ्यात डबल बेल. मी बोंबलायले, "थांबवा वो, लेकरू हाय आत!" कुणाला आयकू येतंय?

मागून सासूबाई कपाळ बडवायल्या. "सुमे, मी वरडून सांगितलं न्हाई का, ह्या गाडीत देऊ नको लेकरू, मागची रिकामी यायलीय! तू मान हालवलीस की!"

हालवली होती. आयकू काय आलं नव्हतं. पण सासू बोलली की सुनेनं मान हालवायची. काय म्हणलात, असं इचारायची रीत न्हाई आमच्यात.

तवर स्टँडच्या भोंग्यातून आवाज आला. दह्यासारखा थंड.

"पालमची गाडी, जागेवर थांबा. आत एकटं लेकरू हाय. परत बोला."

गाडी करकचून थांबली. ड्रायव्हरनं मुंडकं भाईर काढलं. "थांबलो की!"

"पूर्ण बोला."

"आं?"

"म्हणलेलं सगळं परत बोला."

"अवो, पालमची गाडी जागेवर थांबली! आत एकटं लेकरू हाय! झालं का?"

"बरोबर," भोंगा म्हणला.

चौकशीच्या खिडकीत, स्टँडवाल्याचा माईक हातात धरून, आमचे टावरकाका उभे होते.

काका पालमचेच, आमच्या भिंतीला भिंत. सगळी नोकरी लांब, मोठ्या इमानतळाच्या टावरात गेली. तिथून इमानवाल्यांना रेडिओवर सांगायचे, उतरा, थांबा, वर जावा. रिटायर होऊन गावात आले आन् गल्ली बेजार केली. दुकानात म्हणायचे, "अर्धा किलो साखर, पाव किलो शेंगदाणे." दुकानदार म्हणायचा, "बरं." "बरं न्हाई, परत बोला." त्या बिचाऱ्यानं म्हणलं की "बरोबर" करून पिशवी उघडायचे. कुणी लग्नाचं आवतन द्यायला गेलं तर सगळं आवतन स्वतः परत म्हणून दाखवायचे. आता एकटा माणूस, पण 'सहकुटुंब' बी म्हणायचे.

सासूबाई तर चिडायच्याच. "मला म्हणतो परत बोला! मी काय ह्याचं इमान हाय?"

त्या दिवशी मागच्या रिकाम्या गाडीत आमी सगळेच बसलो. परीला मी असं आवळलं होतं की तीच म्हणली, सोड. मी काकांना इचारलं, "इमानवाल्यांना बी असंच सतवायचे का?"

"त्यांचं तोंड दिसत न्हाई ना, पोरी. एकदा धुकं होतं. एका इमानाला म्हणलो, धावपट्टीच्या अलीकडं थांबा. रेडिओवर आलं, 'बरं'. पण बरं म्हणणारा दुसराच! ज्याला थांबायचं त्यानं आयकलंच न्हाई, तो निघाला पट्टीवर, आन् वरून तिसरं उतरायलंय. मी म्हणलो, परत बोला. ज्याला थांबायचं होतं तो गपच. तवा कळलं. उतरणाऱ्याला तसाच वर पाठवला. सगळे आपापल्या घरी जेवायला गेले."

"माणूस बरं म्हणला म्हणजी आयकलं असं न्हाई," काका म्हणले.

सासूबाई खिडकीकडं बघत म्हणल्या, "मान हालवली म्हणजी बी न्हाई."

सांजेला मी पिठलं-भाकर घेऊन काकाच्या दाराशी गेले. आतून आवाज आला. "भाकरी झाली, जेवायला या." काकाचाच. जरा थांबून परत काकाच, "भाकरी झाली, जेवायला येतो." मग बारीक आवाजात, "बरोबर."

माझा हात कडीवरच राह्यला. ते 'बरोबर' काकूचं होतं. काकू होत्या तवा भिंतीपलीकडून रोज आयकू यायचं, त्यांनी बोलवायचं, काकांनी परत म्हणायचं, काकूनं 'बरोबर' म्हणायचं. आमी हसायचो. काकू जाऊन वर्स झालं. आता तिन्ही बोलणी काकाच बोलायलेत.

मी ताट घेऊन घरी आले. सासूबाईला सांगितलं. त्यांनी आणखी एक पाट मांडला. मग मी भिंतीपाशी जाऊन वरडले, "काका, भाकरी झाली, जेवायला या!"

पलीकडून आवाज आला, "परत बोला."

मी बोलले.

"परत बोला."

आवाज भोंग्यातल्यावानी थंड न्हाई राह्यला आता. आयकू तर त्यांना पैल्या हाकेलाच आलं होतं, भिंत काय एवढी जाड न्हाई; वर्सभरानं कुणी जेवायला बोलवलं, तेच परत परत आयकायचं होतं. परी बी माझ्यासंग वरडायली. भाकर निवायली. आन् पलीकडून परत तेच, "परत बोला."

तुमी असता तर काय केलं असतं?