मोजणीदारांच्या हद्दीतलं झाड

"नको" म्हणायला एक क्षण पुरतो. मोजणीदारांनी तो दवडला, एवढीच त्यांची चूक. पुढचं सगळं त्या चुकीची पिलावळ.

सासूबाई म्हणाल्या, "जावईबापू, यंदा सुट्टीत झाड तुमच्याकडे मांडा. तुमच्या ताब्यात असलं की मला घोर नाही." आणि मोजणीदार छाती फुगवून "हो" म्हणून बसले.

झाड कागदाचं. सासऱ्यांनी शेवटच्या वर्षी घरात बसून पुठ्ठ्याचं खोड वळवलं, चारशे पानं कातरली आणि मग ते गेले. दर सुट्टीत त्या झाडावर दिवे लागायचे आणि सासूबाई समोर खुर्ची टाकून तासभर गप्प बसायच्या. गेल्या वर्षी झाड थोरल्या मेहुणीकडे होतं. तिथे तिच्या पहिलवानाने बुंध्यावर तंगडी वर करून सही ठोकली. (पहिलवान म्हणजे कुत्रा. उंची उशीएवढी, नाव मात्र आखाड्यातलं.) म्हणून झाड इकडे आलं. आणि चारच दिवसांत सुट्टीला मेहुणीही आली. नवऱ्यासकट, सासूबाईंसकट आणि पहिलवानासकट!

"अहो, एक थेंब जरी पडला ना," बायकोने स्वयंपाकघरात बजावलं, "तर आईला तोंड तुम्ही दाखवायचं. मी नाही."

"अगं, वीस वर्षं लोकांच्या जमिनींच्या हद्दी कायम करतोय मी. माझी खूण बघून सख्ख्या भावांनी कुऱ्हाडी खाली टाकल्यात. कुत्र्याची काय कथा?"

"भावांना लाज असते."

तरी मोजणीदारांनी झाडाभोवती खडूच्या भुकटीने चौकोन आखला. पहिलवानाने तो चाटला, शिंकला आणि अर्धा चौकोन उडवला. मग त्यांनी चार कोपऱ्यांवर ऑफिसातल्या लाल झेंड्या उभ्या केल्या. पहिलवानाने आयुष्यात एवढा मान कधी पाहिला नव्हता. त्याने चारी खुणा एकेक करून हुंगल्या आणि चारीवर आपली पोच दिली. झाड वाचलं, पण आता ते बरोब्बर त्याच्या हद्दीत आलं होतं!

मोजणीदारांची झोप उडाली. ऑफिसात नकाशावर त्यांनी विहीर दाखवायची तिथे कुत्रा काढला. शिपाई कनवाळू. म्हणाला, "साहेब, व्हिनेगर. कोमट पाण्यात घालून फवारा. कुत्रं फिरकत नाही."

ऑफिसला सुट्टी लागली त्या सकाळी सगळी मंडळी बाजारात गेली. घरात मोजणीदार, झाड आणि पहिलवान. त्यांनी पिवळसर व्हिनेगर कोमट पाण्यात मिसळलं, कुंड्यांच्या फवाऱ्यात भरलं, फवारा कंबरेशी धरला आणि दाबला. काही येईना. पुन्हा दाबला. येईना. तिसऱ्यांदा दात-ओठ खाऊन दाबल्यावर तोटीच उडाली, आणि भडाभडा सगळं झाडावर! पानांचा हिरवा रंग ओघळला, बुंधा मऊ पडला. पहिलवान कोपऱ्यातून बघत होता. त्याने असलं धाडस कधी केलं नव्हतं.

मोजणीदारांनी घड्याळ पाहिलं. सासूबाई येणार, खुर्ची टाकणार. खरं सांगायचं की... नजर पहिलवानावर गेली. (माणूस घाबरला की मुक्या जनावराची आठवण होते.) त्यांनी फवारा धुतला, बाटली खालच्या कचरागाडीत टाकली आणि साळसूदपणे पेपर उघडला.

"अगं बाई!" दारातूनच मेहुणी ओरडली.

"पहिलवान," मोजणीदार खिन्नपणे म्हणाले. "मी जरा अंघोळीला गेलो, तेवढ्यात."

साडूंनी वाकून बोट लावलं. "कोमट आहे अजून."

बायकोने मात्र नवऱ्याच्याच पिशवीतली टेप काढली आणि बुंध्याला लावली. "ओल सुरू होते छत्तीस इंचांवर." मग पहिलवानाला उभं करून मोजलं. "हा अकरा."

"तंगडी वर केल्यावर?" साडूंनी विचारलं.

"पंधरा."

सगळ्यांच्या नजरा छत्तीस इंचांवरून निघाल्या आणि हळूहळू मोजणीदारांच्या कमरेच्या पट्ट्यापाशी येऊन थांबल्या.

"व्हिनेगर आहे ते!" मोजणीदार किंचाळले. "व्हिनेगर! मी फवारत होतो!"

"हो, हो, व्हिनेगर," साडू प्रेमाने म्हणाले. "बाटली कुठाय?"

"कचरागाडीत गेली."

"आणि फवारा?"

"धुऊन ठेवला."

"साडूभाऊ, माझ्या ओळखीचे एक डॉक्टर आहेत. लाजू नका."

सासूबाई झाडाजवळ गेल्या. मऊ पडलेल्या पानांवरून त्यांनी हात फिरवला.

"झाड वाळेल हो," त्या म्हणाल्या, आणि जावयाच्या पाठीवर हात ठेवला. "ह्यांनाही शेवटी शेवटी असंच व्हायचं. मी कधी कुणाला कळू दिलं नाही."

हे त्या सगळ्यांसमोर, शेजारच्यांनाही ऐकू जाईल अशा आवाजात म्हणाल्या.

दुपारी सगळे जेवायला बसले. पहिलवान मऊ गालिच्यावर पसरला होता, दिमाखात. मोजणीदारांच्या खुर्चीवर मात्र बायकोने घडी घालून प्लास्टिक अंथरलं होतं.