कपितानांचं नाक

सोमवारी सकाळी आमच्या बरांगायच्या, म्हणजे वस्ती-पंचायतीच्या, कचेरीतला संगणक सुरू होईना. दिवा नाही, आवाज नाही. कचेरीने तात्काळ कारवाई करून दारावर 'सेवा स्थगित' अशी पाटी लावली.

रांगेत पहिल्या होत्या आलिंग फेलिसिंग. शुक्रवारी त्यांच्या नवऱ्याचं ऑपरेशन होतं. त्याआधी गरिबीचा दाखला दिला नाही, तर सरकारी इस्पितळातली खाट पुढच्याला जाणार होती. त्यांच्या मागे मी, नोकरीसाठी चारित्र्याचा दाखला मागायला आलेला.

"हातानं लिहून द्या ना, सेक," आलिंग म्हणाल्या.

सेक्रेटरी नेनिताने चष्म्यावरून बघितलं. "हातानं लिहिलेली गरिबी चालत नाही, आलिंग. उद्या कोणीही उठून गरीब होईल."

शेवटी बोयेतला बोलावलं. तो कराओकेची यंत्रं दुरुस्त करतो, पण माणूस पद्धतशीर. त्याने भिंतीच्या सॉकेटला पंखा लावून पाहिला. फिरला. संगणकाची वायर काढून भाताच्या कुकरला लावली. कुकर तापला, तशी नेनिताने तांदूळ धुवायला घेतले.

"वीज आहे, वायर चांगली आहे," बोयेत म्हणाला. "राहिलं पॉवर सप्लायचं मागचं बटण."

मागची बाजू आमच्याकडे होती. लोकांना संगणकाची पाठच दिसते, म्हणून आमच्याच करातून ही देणगी देताना बरांगायचे प्रमुख कपितान क्रिसांतो यांनी आपला हसरा फोटो पाठीवर चिकटवला होता. निवडणूक जवळ आल्याने रविवारी जुन्या फोटोवर नवा, मोठा फोटो चढला, तोही फडक्याने दाबून दाबून.

बोयेतने लांबूनच बोट दाखवलं. "नाकाखाली उंचवटा दिसतोय? तेच बटण. फोटो चिकटवताना बंद झालंय. नाक दाबलं की झालं काम."

"कोणाचं नाक?" नेनिताने विचारलं.

"कपचं. आपल्या कपितानांचं."

"मग दाब की."

"मी? माझा परवाना जूनमध्ये संपतोय, सेक. तुम्ही दाबा."

"वा रे वा! माझी नेमणूक कोणी केलीय?"

"मग फोटो सोलू या?"

"सोलू? कपचा चेहरा सोलणार तू?" नेनिताने छातीवर क्रूस काढला.

मंगळवारी सदस्यांची तातडीची बैठक भरली. 'माननीयांच्या प्रतिमेस हेतुपूर्वक अंगुलिस्पर्श' हा विषय ठरावाशिवाय हाताळता येणार नाही, असं ठरलं. सूचक मिळेना, अनुमोदक तर त्याहून मिळेना. शिवाय ठराव तीन प्रतींत टंकलिखित हवा, आणि टंकलेखन संगणकावरच होतं. तेव्हा बुधवारी संगणक सर्वानुमते 'दुरुस्तीपलीकडे' जाहीर झाला आणि नव्याची मागणी तोंडी नोंदवण्यात आली.

आलिंग रोज यायच्या. बुधवारी तर नेनितासाठी घरची बिबिंगका, तांदळाचा गोड केक, घेऊन आल्या. ती खाल्ली गेली. गुरुवारी मात्र त्यांचा संयम सुटला.

"सरका, मीच दाबते!" म्हणत त्यांनी हात पुढे केला.

"दाबा ना," नेनिता शांतपणे म्हणाली. "पण दाखल्यावर सही कोणाची लागते, आलिंग?"

हात तसाच थोडा वेळ हवेत राहिला, मग खाली आला. मला त्यांच्याकडे बघवेना.

शनिवारी बँडच्या गजरात नवा संगणक आला. यावेळी फोटो तिन्ही बाजूंना होता. पहिला दाखला कपितानांच्या हस्ते आलिंग फेलिसिंग यांना देण्यात आला. खाट आदल्या दिवशीच गेली होती. फोटोवाल्याने त्यांना दोनदा हसायला सांगितलं.

"माझ्या कारकिर्दीत गरिबाचं काम अडत नाही!" कपितान म्हणाले. टाळ्या पडल्या. सगळ्यात जास्त मी वाजवल्या, कारण दुसरा दाखला माझा होता. त्यात मी निर्भीड आणि सचोटीचा असल्याचं लिहिलं आहे. चारही दिवस ते नाक माझ्या हातापासून एका वितीवर होतं.

तुम्ही असता तर दाबलंच असतं, नाही का? तुमच्या चौकातल्या सिग्नलचा दिवा झाकून एक हसरा चेहरा टांगलेला आहे. किती महिने झाले त्याला?