पिकअप की व्हॅन: एक कौटुंबिक निर्णयप्रक्रिया

घाईने घेतलेला निर्णय चुकू शकतो. न घेतलेला निर्णय आजवर कधीच चुकलेला नाही. आमचं घर याच तत्त्वावर उभं आहे.

आत्याच्या गुडघ्याचं ऑपरेशन झालं आणि तिला घरी आणायला गाडी घ्यायचं ठरलं. (भाड्याची गाडी सुचवणाऱ्या वहिनीला समितीतून तत्काळ वगळण्यात आलं.) अध्यक्ष थोरले काका. तज्ज्ञ सदस्य भावोजी, कारण त्यांनी एकदा स्वतःच्या हाताने चाक बदललं होतं. (ते पुढे निखळलं, पण तो रस्त्याचा दोष.) जुन्या गाड्यांच्या दुकानात दोन पर्याय निघाले: एक वापरलेली पिकअप आणि तिच्याहून म्हातारी, सात जणांची व्हॅन.

पिकअपचा गुण असा की तिच्यात कपाट मावतं. आमच्याकडे कुठे न्यायचं असं कपाट नाही, पण "कपाट काय सांगून येतं का?" या काकांच्या प्रश्नावर हा गुण एकमताने मंजूर झाला. दोष एवढाच की ती उंच आहे, आत्याला चढता येणार नाही. तिला मागे आडवं करून वर ताडपत्री बांधावी, ही भावोजींची सूचना विचाराधीन आहे.

व्हॅनमध्ये जागा दोन जास्तच. त्या वाया जाऊ नयेत म्हणून धाकट्या काकांशी धरलेला अबोला सोडावा लागेल, आणि तो आम्ही मोठ्या कष्टाने टिकवलाय. शिवाय तिचं सरकतं दार आतून उघडत नाही. म्हणजे प्रत्येक प्रवासात एक माणूस गाडीबाहेर हवा. भावोजींनी लगेच तयारी दाखवली.

तेवढ्यात दवाखान्यातून आत्याचा फोन आला. "अरे, मला सकाळीच सोडलंय. पिशवी भरून बाकावर बसलेय मी. येताय ना कोणी?"

"ताई, जरा दम धर," काका म्हणाले. "टायर बघायचेत अजून."

तिचा आवाज रडवेला झाला होता. मला फार वाईट वाटलं, आणि तसं मी बैठकीत बोलूनही दाखवलं. पुढचा विषय मायलेजचा होता.

बहुमत पिकअपकडे झुकत असतानाच दारात हॉर्न वाजला. तीच व्हॅन! आत्याने दुकानदाराला परस्पर फोन लावला होता: गाडी घ्यायचा विचार आहे, आधी एक चक्कर मारून बघू, दवाखान्यापासून आमच्या घरापर्यंत. ड्रायव्हर हे वहिनीला सांगून स्वयंपाकघरात पाणी प्यायला बसला.

समिती धावत बाहेर गेली. काकांनी टायरला लाथ मारून पाहिली. भावोजी बॉनेट उघडून गंभीर झाले. मी गंज तपासला. गाडी वाटली होती त्यापेक्षा बरी निघाली. फक्त इंजिन बंद असतानाही आतून ठकठक आवाज येतो.

"सस्पेन्शन," भावोजी म्हणाले. त्यावर चर्चा सुरू आहे.

आवाज कशाचा हे ज्या वाचकांनी ओळखलं, त्यांनी हसत बसू नये. दार बाहेरून उघडतं, आणि बाहेर तुम्हीही उभे आहात.