पालकांना मिळालेले शेरे

तिसरीच्या बाईंनी पालकसभेसाठी भाषण पाठ केलं होतं, पण ते सुरुवातीलाच कोलमडलं. यापुढे प्रगतिपुस्तकात मार्क नसतील, नंबर नसेल, मूल कसं शिकतं याचं वर्णन असेल, एवढं बोलून त्या श्वास घ्यायला थांबल्या आणि तेवढ्यात बँकेतल्या कॅशियरांनी हात वर केला. वर्णन ठीक आहे, पण त्याचे दहापैकी किती धरायचे, एवढंच त्यांना हवं होतं. ‘छान’चे सात आणि ‘उत्तम’चे नऊ धरले तर चालतील का, असं त्यांनी अगदी मदतीच्या सुरात विचारलं. मागच्या बाकावरून कोणीतरी ‘उत्तम’चे साडेनऊ सुचवले आणि वर्गाचा भाजीबाजार झाला.

बाकं तिसरीच्या मुलांच्या मापाची होती. त्यावर गुडघे पोटाशी घेऊन बसलेली मोठी माणसं तावातावाने बोलू लागली की बघणाऱ्याला हसू येतं, पण बाईंना हसणं परवडणारं नव्हतं. पालकांचं मत विरोधात गेलं तर पुढच्या सत्रापासून जुनी परीक्षा आणि जुने नंबर परत आणायचे, असं मुख्याध्यापकांनी आधीच सांगून टाकलं होतं. ते स्वतः कोपऱ्यात खुर्ची टाकून कोणाच्याच बाजूने न दिसण्याची काळजी घेत बसले होते.

सगळ्यात ठाम विरोध दातांच्या डॉक्टरांचा होता. त्यांची मुलगी पहिलीपासून पहिली येत आली होती आणि नंबरच राहिला नाही तर ती आता कितवी येणार, हे त्यांना कळेना. बाईंना जुनी परीक्षा नको होती तीही याच मुलीमुळे. मार्क होते तोवर ही पोर वर्गात कधी शंका विचारत नसे. चुकलं तर काय, या धास्तीने गप्प बसायची. या सत्रात मार्क बंद करून पाहिल्यापासून ती विचारायला लागली होती, चुकायला लागली होती आणि चुकल्यावर हसायलाही लागली होती. बाईंचा त्या हसण्यावर जीव जडला होता. पण भरसभेत हे सांगायचं तर त्या लेकराचं नाव निघणार, म्हणून त्या गप्प राहिल्या.

बोलून कोणाचंच समाधान होत नाही म्हटल्यावर बाईंनी शेवटचा उपाय काढला. चार-चार पालकांचे गट करायचे, नवरा-बायको वेगळ्या गटांत, आणि रद्दी पेपर व चिकटपट्टी वापरून कशाच्याही आधाराशिवाय उभा राहील असा मनोरा करायचा. मुलांना आम्ही कसं पाहतो ते तुम्हाला कळेल, असं त्या म्हणाल्या. पालकांनी आधी नाक मुरडलं, मग इकडेतिकडे पाहिलं आणि दुसऱ्या गटाने सुरुवात केलेली दिसताच कागदांवर तुटून पडले.

डॉक्टरांच्या गटाचा मनोरा खोलीत सर्वांत उंच झाला. चिकटपट्टी डॉक्टरांच्या मनगटात बांगडीसारखी अडकवलेली होती आणि ती मागायला आलेल्या प्रत्येकाला ते आधी आपली योजना समजावून सांगत होते. बुड रुंद करा, असं गटातले एक आजोबा सांगत राहिले. त्यांचं म्हणणं पूर्ण व्हायच्या आत मनोरा शेजारच्या गटातून डोकावणाऱ्या कॅशियरांच्या डोक्यावर पडला. कॅशियरांनी निमूटपणे तो परत डॉक्टरांच्या हातात दिला.

बाई फिरत फिरत प्रत्येकासाठी नाव घातलेल्या चिठ्ठीवर दोन-चार ओळी लिहीत होत्या. त्यातल्या गोड तेवढ्या वाचून दाखवायच्या आणि बाकीच्या पर्समध्ये टाकायच्या, असा त्यांचा बेत होता. पण मनोरे बघून मुख्याध्यापकांना भलताच हुरूप आला. बाई खाली पडलेले कागद गोळा करायला वाकल्या तेवढ्यात त्यांनी टेबलावरचा गठ्ठा उचलला आणि ज्याची चिठ्ठी त्याला हसतमुखाने वाटूनही टाकली.

बाईंनी मान वर केली तेव्हा प्रत्येक जण आपापली चिठ्ठी वाचत होता. हाताला लागलेल्या सवयीने त्यांनी आठ वर्षांच्या मुलांबद्दल लिहितात तसंच, मनात येईल ते खरं लिहिलं होतं. कॅशियर ‘स्वतः करण्याआधी शेजारच्याचं बघतात’ या वाक्याचे किती मार्क होतात ते शोधत होते. एका गृहस्थांची चिठ्ठी त्यांच्या बायकोने वाचली, पुन्हा वाचली आणि ही घरी न्यायला मिळेल का, असं हळूच विचारलं. डॉक्टरांच्या पत्नी मात्र नवऱ्याच्या खांद्यावरून वाचून तोंडाला पदर लावून हसत होत्या, त्यांचं हसू थांबतच नव्हतं.

डॉक्टर उठले. चिठ्ठीत लिहिलं होतं : ‘कल्पना चांगल्या असतात. साहित्य स्वतःकडेच ठेवतात. दुसऱ्याचं ऐकण्याचा सराव हवा.’

“बाई, मला मार्क द्या,” ते म्हणाले. “दहापैकी तीन द्या. दोन दिलेत तरी चालतील.”

“का हो डॉक्टर?”

“दोन मिळाले तर मनोरा वाईट झाला, असं म्हणता येतं. हे तर माझ्याबद्दल लिहिलंय.”

आता कोणीच हसलं नाही, त्यांच्या पत्नीही नाही, कारण प्रत्येकाच्या हातात आपापली चिठ्ठी होती. बाईंना त्यांची दया आली आणि आपण हा काय उपद्व्याप करून बसलो, असंही वाटलं. त्या माफी मागणार इतक्यात डॉक्टरांच्या पत्नी बोलल्या.

“अहो, परीक्षेच्या दिवशी आपल्या पोरीच्या पोटात दूध राहायचं नाही. उलटी करून शाळेत जायची ती.”

“मला कोणी सांगितलं नाही.”

“मी कितीदा सांगितलं. चिठ्ठीतली शेवटची ओळ वाचा परत.”

डॉक्टरांनी ती खरोखरच परत वाचली. मग ते त्या छोट्या बाकावर परत बसले. मुख्याध्यापकांनी घसा साफ करून मत विचारलं, तेव्हा नव्या पद्धतीच्या बाजूने पहिला हात डॉक्टरांचा वर गेला. कॅशियरांनी तो पाहिला आणि आपलाही वर केला. मग एकेक करून बहुतेकांचे हात वर झाले. फक्त पालकांवर हा प्रयोग पुन्हा करू नये, एवढी अट सर्वांनी एकमताने घातली.

निघताना डॉक्टर बाईंच्या टेबलापाशी घुटमळले. सुधारणा झाली तर शेरा बदलतो का, असं त्यांनी खालच्या आवाजात विचारलं. बदलतो, असं बाई म्हणाल्या.

“आणि यावर घरची सही आणायची असते का?”

“हो, उद्या आणा,” बाई सवयीने बोलून गेल्या आणि बोलल्यावर त्यांनी जीभ चावली.

दुसऱ्या दिवशी प्रार्थना झाल्याबरोबर डॉक्टरांची मुलगी टेबलाशी आली आणि तिने चारदा दुमडलेली चिठ्ठी पुढे केली. खाली सही होती ती आईची नव्हती. गोल गोल अक्षरांत तिने स्वतःचं पूर्ण नाव लिहिलं होतं, आणि त्याखाली, बाईंच्या शेऱ्यासारखाच, आपलाही एक शेरा दिला होता : ‘काल बाबांनी माझं ऐकलं. मध्ये दोनदाच बोलले.’